तान्ह्या पोळ्याचा पहिला नंबर मुलांच्या मतांनी ठरवला तर? (टीव्हीवरच्या किड्स चॉइससारखा)

पांढरं_सोनं (आर्वी)
नमस्कार मंडळी. आमच्या गावात तान्ह्या पोळ्याची (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण, पोरं लाकडी नंदी ओढत नेतात तो) वर्गणी जमून राहिली आहे. बक्षिसं ठरली, तोरण कुठं बांधायचं ते ठरलं अन् गाडी अडली ती पंचांवर. दरवर्षी पंच म्हणजे गावातली तीन-चार मोठी माणसं अन् एखादा पाहुणा, ते खुर्च्यांवर बसतात, पोरं समोरून नंदी ओढत नेतात, अन् पहिला नंबर जवळपास ठरलेलाच असतो, ज्याचा नंदी सगळ्यात उंच अन् महाग त्याचा. मागच्या वर्षी एका पोरानं कपाशीच्या पऱ्हाट्या सुतळीनं बांधून नंदी केला होता. डोळ्यांच्या जागी बिब्बे, चाकं थंड्याच्या बाटलीच्या झाकणांची, अन् मान अशी अडकवली होती की दोरी ओढली की नंदी मान हलवायचा. सगळी पोरं त्याच्याच मागं पळत होती. पंचांनी त्याला उत्तेजनार्थसुद्धा दिलं नाही, नंबर गेला शहरातून विकत आणलेल्या सागवानी नंदीला.

माझी पोरगी निकेलोडियन या मुलांच्या टीव्ही वाहिनीच्या किड्स चॉइस अवॉर्डचे व्हिडिओ पाहते. तिथं सिनेमा, कार्टून, गाणं, नट-नटी सगळ्यांचे विजेते मुलांच्या मतांवर ठरतात म्हणे. मग तान्ह्या पोळ्यात तसं काऊन नाही? सण पोरांचा, नंदी पोरांचा, अन् नंबर मात्र आम्ही ठरवायचा, हे मला पटत नाही. कोणी असं केलं असेल तर सांगा, अडचणी काय येतात त्या पण सांगा. अन् तो टीव्हीवरचा प्रकार नेमका कसा चालतो हे ज्याला माहीत आहे त्यानं नीट लिहावं.

कोरडवाहू (पुसद)
पूर्ण पाठिंबा. त्या पऱ्हाटीच्या नंदीचा फोटो असेल तर टाका भाऊ.

खमंग_पाटवडी (मेहकर)
पोट्ट्याईले मतदान देसान तर प्रचार आठ दिवस आधीपासून सुरू होईन हे लक्षात ठेवा. आमच्या गल्लीतलं एक पोट्टं तं आताच भोंगा घेऊन फिरीन.

संत्राबर्फी (काटोल)
मी सांगते. भाच्यांच्या कृपेनं मला हा कार्यक्रम पाठ झाला आहे.

अमेरिकेत १९८७ मध्ये हा 'द बिग बॅलट' नावानं सुरू झाला, १९८८ पासून त्याचं नाव किड्स चॉइस अवॉर्ड्स झालं. बक्षीस म्हणून नारिंगी रंगाचं, फुगलेल्या हवाई जहाजासारखं एक मानचिन्ह देतात. पूर्वी मुलं फोन लावून मत द्यायची, आता वेबसाइटवर आणि ॲपवर देतात. आणि ज्यासाठी पोरं डोळे फाडून बसतात ते म्हणजे स्लाइम, हिरवा चिकट लगदा, तो मोठ्यामोठ्या स्टार लोकांच्या डोक्यावर बदाबदा ओततात. टॉम क्रूझवर २००१ मध्ये ओतला, जिम कॅरीवर पण ओतलेला आहे. हा लगदा मुळात कॅनडातल्या 'यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन' या मुलांच्या कार्यक्रमातला, तो १९७९ मध्ये सुरू झाला. त्यात जो कोणी 'मला माहीत नाही' म्हणेल त्याच्यावर वरून हिरवा लगदा पडायचा. पुढे तो निकेलोडियननं उचलला आणि त्यांची ओळखच होऊन गेली. भारतात पण निकनं २०१३ मध्ये असाच सोहळा केला होता.

मला त्यात आवडतं ते हे की तिथं मोठी माणसं मुलांच्या तालावर नाचतात. एवढा मोठा नट, सुटाबुटात आलेला, आणि पोरांना तो हिरवा झालेला पाहायचा आहे म्हणून तो हिरवा होतो. आपल्याकडच्या बक्षीस समारंभात पोरं उन्हात बसतात आणि पाहुणे मंडपात. फरक इथंच आहे.

खमंग_पाटवडी (मेहकर)
ताई, आमच्या इथं स्लाइमची काही गरज नाही. पोळ्याच्या टायमाले गावात चिखल भरपूर. फक्त पाहुणा कोणता धरायचा ते सांगा.

पांढरं_सोनं (आर्वी)
@संत्राबर्फी ताई लय छान लिहिलं. एक विचारू, तिथं एक पोरगं एकच मत देतं का?

संत्राबर्फी (काटोल)
नाही ना! तीच गंमत आहे. कितीही वेळा मत देता येतं. म्हणून मतांचा आकडा कोट्यवधींत जातो. आणि म्हणूनच कार्टूनचा पुरस्कार स्पंजबॉब इतक्या वर्षांपासून उचलून राहिला आहे. मध्ये २००८ मध्ये 'अवतार' नावाच्या मालिकेनं त्याला हरवलं, पुढच्या वर्षी गडी परत हजर. ज्याचे चाहते चिकाटीनं बटण दाबत बसतात तो जिंकतो.

झडीचा_पाऊस (दारव्हा)
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलांच्या मतदानाचा अनुभव आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे दरवर्षी शालेय मंत्रिमंडळ निवडतात, मुख्यमंत्री, स्वच्छता मंत्री, आरोग्य मंत्री, सहल मंत्री वगैरे. पूर्वी हात वर करून मतदान व्हायचं. त्यात काय व्हायचं तर मी नाव पुकारलं की सगळी मुलं आधी मॉनिटरकडे पाहायची, त्याचा हात वर गेला की फटाफट सगळे हात वर. चौथीतल्या मुली तर शेजारणीचा हात वर गेल्याशिवाय स्वतःचा हलवायच्याच नाहीत. ते मतदान नव्हतंच, ती कवायत होती. मग आम्ही मोबाइलवरचं मतदान यंत्राचं ॲप घेतलं, ऑफिसच्या कोपऱ्यात पोषण आहाराच्या तांदळाचं रिकामं पोतं पडद्यासारखं लावलं, एकेक मूल आत जाणार, फोटो पाहून बटण दाबणार, बीप वाजणार, बाहेर आलं की बोटाला मार्करची खूण. त्या दिवशी जी मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही ती निवडून आली. का, तर ती सगळ्यांना पाटीवरचं गणित समजावून सांगते हे मुलांना माहीत होतं, आम्हा शिक्षकांना माहीत नव्हतं. मुलांना जे दिसतं ते खुर्चीवरून दिसत नाही.

तेव्हा पांढरं सोनं भाऊ, माझं मत स्पष्ट आहे, द्या मुलांच्या हातात. फक्त मतदान गुप्त ठेवा आणि एका मुलाला एकदाच. तो टीव्हीवरचा कितीही वेळा मत द्यायचा नियम आपल्याकडे नको. आणि मुलांच्या मताला किंमत द्यायची ही काही टीव्हीवाल्यांची कल्पना नाही. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार आहे, त्याच्या १२ व्या कलमात स्वच्छ म्हटलं आहे की मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं म्हणणं ऐकून घ्या आणि त्याला वजन द्या. भारतानं तो करार १९९२ मध्ये मान्य केला.

बुढा_बैल (हिंगणघाट)
सगळे एकाच सुरात बोलून राहिले म्हणून लिहितो. मले हे पसंत नाही. तान्हा पोळा रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासून चालत आला असं आमचे मोठे सांगत. लेकराले बैलाचं मोल समजावं म्हणून लाकडाचा नंदी त्याच्या हाती दिला. आमच्या लहानपणी नंबर-गिंबर काही नव्हता. तोरणाखाली नंदी उभे राहत, पूजा होई, मंग आम्ही घरोघरी नंदी घेऊन जावो अन् बोजारा भेटे, कुठं चाराणे, कुठं मूठभर फुटाणे. सगळ्याईले भेटे. आता तुम्ही नंबर आणला तेच चुकलं अन् आता त्यात मतदान आणता. गावातल्या निवडणुकीनं भाऊ-भाऊ बोलत नाहीत, ते कमी होतं म्हणून लेकराईत गट पाडता का? ज्या पोराले एकही मत भेटणार नाही त्याच्या मनाचा विचार केला का कोणी? पंचाईनं नंबर दिला नाही तं पोरगं पंचाईले शिव्या देते अन् मोकळं होते. पण सोबतच्या पोराईनंच मत दिलं नाही हे लेकरू कुठं घेऊन जाईन?

कोरडवाहू (पुसद)
काकांचा शेवटचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

झडीचा_पाऊस (दारव्हा)
काकांचा मुद्दा मान्य. शाळेत आम्ही कोणाला किती मतं पडली ते जाहीर करत नाही, फक्त निवडून आलेल्यांची नावं वाचतो. तान्ह्या पोळ्यात पण असंच करता येईल.

धानाची_लोंबी (साकोली)
मी जरा वेगळं बोलते. मत कोण देते यापेक्षा यादी कोण बनवते हे आधी पाहा. त्या टीव्हीवरच्या पुरस्कारात पोरं मत देतात हे खरं, पण यादीत कोणते सिनेमे अन् कोणती कार्टून घ्यायची हे वाहिनीतली मोठी माणसंच ठरवतात. पोरांसमोर चार-पाच नावं ठेवली की निवडा यातून एक. एखाद्या पोराला आवडलेला सिनेमा त्या यादीतच नसेल तर त्यानं कितीही बटणं दाबली तरी काय फायदा? तुमच्या पोळ्यात पण असंच होईल. पंचांनी आधी पाच नंदी निवडले अन् मग पोरांना म्हटलं द्या मत, तर तो पऱ्हाटीचा नंदी त्या पाचात येणारच नाही. मग मतदानाला अर्थ काय राहिला? उलट पंच म्हणतील पोरांनीच निवडला, आमचा काही संबंध नाही.

आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) नाटकं होतात, दिवाळी झाली की रात्र-रात्रभर, वडसा तर नाटक कंपन्यांचं माहेरच. तिथं एखाद्याचं गाणं आवडलं की प्रेक्षक उठून स्टेजवर जातात अन् बक्षीस देतात, माइकवर नाव पुकारल्या जाते, अमक्याकडून शंभर रुपये, तमक्याकडून पन्नास. कोणी यादी देत नाही, कोणाचा पंच नाही. हिरोला सोडून विनोदी काम करणाऱ्यालाच सगळी बक्षिसं गेली असं मी डोळ्यानं पाहिलं आहे. ते खरं मतदान.

खमंग_पाटवडी (मेहकर)
ताई बरोबर बोलल्या. पण त्यात ज्याच्या खिशात पैसे त्याचं मत मोठं ना?

धानाची_लोंबी (साकोली)
@खमंग_पाटवडी हो, तेवढं आहे. म्हणून पोरांच्या पोळ्यात पैसे नको, मत पाहिजे. पण यादी नको. जेवढे नंदी आले तेवढे सगळे उमेदवार.

पांढरं_सोनं (आर्वी)
धानाची लोंबी ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बैठकीत एका जणानं नेमकं हेच सुचवलं होतं, पाच आम्ही काढतो मग पोरांना विचारू. आता मी त्याला नाही म्हणणार.

कोरडवाहू (पुसद)
यावरून आठवलं. २००८-०९ मध्ये ते सारेगमप लिटिल चॅम्प्स होतं, तेव्हा एसएमएसनं मतं पाठवायची होती. आमच्या गावात तेव्हा रोज बारा-चौदा तास लाइन नसायची, पण तेवढा कार्यक्रम पाहायला लोक बॅटरीवर टीव्ही चालवायचे, ट्रॅक्टरची बॅटरी आणून. आमच्या घरी मोबाइल एकच, बाबांचा, त्यात बॅलन्स मोजून मापून. आम्ही भावंडांनी पाया पडून-पडून मत पाठवलं होतं. कार्तिकी जिंकली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली होती, ती आळंदीची, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, काही संबंध नाही, तरी आपलीच पोरगी जिंकली असं वाटलं.

संत्राबर्फी (काटोल)
@कोरडवाहू आम्ही पण! माझ्या आईला तर त्या मुलांची गाणी लागली की स्वयंपाक सुचायचा नाही. पण बघा, त्यात गाणारी मुलं होती आणि मत देणारे मोठेच. ज्याच्याकडे मोबाइल आणि बॅलन्स त्याचं मत. आता पण वेबसाइटवरच्या मतदानात खेड्यातलं पोरगं कुठं असतं? फोन बाबांसोबत शेतात गेलेला. घरी फ्री डिशची छत्री, तिच्यावर त्या पैशाच्या कार्टून वाहिन्या दिसतच नाहीत. मुलांची पसंती म्हणून जे जाहीर होतं ते शहरातल्या, घरात नेट असलेल्या मुलांची पसंती असते. माझ्या भाच्यांना स्पंजबॉब माहीत आहे, आमच्या गड्याच्या मुलांना मोटू पतलू माहीत आहे, ते पण दुसऱ्याच्या घरी बसून पाहिलेलं.

पुण्यातला_वऱ्हाडी (मूळ अकोट)
धागा वाचून राहवलं नाही. मुलांनी विजेते ठरवण्याची एक दुसरी पद्धत पण आहे, ती मला टीव्हीवरच्यापेक्षा सरस वाटते. इटलीत जिफोनी नावाचं एक छोटं गाव आहे, तिथं १९७१ पासून मुलांचा चित्रपट महोत्सव भरतो. त्यात परीक्षक मुलंच असतात, वयानुसार गट केलेले. ती सगळे सिनेमे बसून पाहतात, दिग्दर्शकाला प्रश्न विचारतात, आपसात चर्चा करतात आणि मग मत देतात. गाव लहान, पण त्या महोत्सवामुळं जगात नाव झालं.

आपल्याकडे पण बालचित्रपट समितीचा 'गोल्डन एलिफंट' महोत्सव हैदराबादला व्हायचा, त्यात मोठ्यांच्या परीक्षक मंडळासोबत मुलांचं वेगळं परीक्षक मंडळ असायचं. ही समिती १९५५ मध्ये स्थापन झालेली, २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन केली.

मुद्दा हा की आधी सगळं पाहा, मग मत द्या. किड्स चॉइसमध्ये एखाद्या मुलानं पाचातला एकच सिनेमा पाहिला असेल तरी तो त्यालाच मत देणार, बाकीचे चार पाहिले आहेत का हे विचारणारं कोणी नाही. पोळ्यात हे सोपं आहे, कारण सगळे नंदी एका तोरणाखाली उभे असतात. मतदानाआधी सगळ्या मुलांना रांगेनं सगळ्या नंद्यांसमोरून एक फेरी मारायला लावा. ज्यानं नंदी स्वतः बनवला त्यानं तो कसा बनवला ते दोन वाक्यात सांगायचं. अर्धं काम तिथंच होईल.

बुढा_बैल (हिंगणघाट)
ही फेरीची गोष्ट मले आवडली. लेकरू सांगीन की म्या हे शिंग कशाचं केलं अन् चाक कशाचं, तं दुसरं लेकरू शिकीन. हे करा. नंबर राहू द्या.

पण मोठ्याईले एवढं वाईट पण नका ठरवू. 'नाळ' सिनेमा आला होता २०१८ मध्ये, आपल्या वऱ्हाडी बोलीतला. त्यात चैत्याचं काम करणाऱ्या लेकराले राष्ट्रीय पुरस्कार भेटला, उत्कृष्ट बालकलाकाराचा, ६६ व्या पुरस्कारात. तो मोठ्या माणसाईनंच निवडला ना? अन् आपल्या बोलीतलं लेकरू दिल्लीपर्यंत गेलं. चांगला पंच असला तं तो पऱ्हाटीचा नंदी पण त्याच्या नजरेतून सुटत नाही.

पांढरं_सोनं (आर्वी)
काका, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण ते पंच सिनेमातले जाणकार असतात. आमचे पंच बैलाच्या बाजारातले जाणकार आहेत, ते नंदीची पण किंमतच करतात.

खमंग_पाटवडी (मेहकर)
हे झकास बोलले भाऊ. दात पाहून नंबर देतात.

माय_मावशी (धारणी)
मी मेळघाटात अंगणवाडीत काम करते. एवढी चर्चा झाली पण लहान लेकरांचा विचार कोणी केला नाही. तान्ह्या पोळ्यात तीन-चार वर्षांची लेकरं पण असतात, त्यांना चिठ्ठी वाचता येत नाही, ॲप समजत नाही. आमच्याकडे तर बरीच लेकरं घरी कोरकू बोलतात, मराठी अक्षरं अजून ओळखीची व्हायची असतात. त्यांचं मत कसं घेणार?

आम्ही अंगणवाडीत असं करतो. कोणतं गाणं म्हणायचं, कोणता खेळ खेळायचा हे ठरवायला प्रत्येक गोष्टीचं चित्र जमिनीवर ठेवतो, चित्रासमोर वाटी. प्रत्येक लेकराच्या हातात एक तुरीचा दाणा देतो. ज्याला जे आवडलं त्याच्या वाटीत दाणा टाकायचा. दोन वर्षांचं लेकरू पण बरोबर टाकतं. सुरुवातीला काही लेकरं दाणा तोंडात टाकतात म्हणून मी समोर बसते, एवढंच. तुम्ही प्रत्येक नंदीसमोर एक गाडगं ठेवा, तोंड अरुंद असलेलं, म्हणजे आत किती दाणे आहेत ते दिसणार नाही. कागद नको, पेन नको, मोबाइल नको.

झडीचा_पाऊस (दारव्हा)
माय मावशी, हे अफाट आहे. शाळेत पहिली-दुसरीसाठी मी हेच करणार.

कोरडवाहू (पुसद)
पण एक गोष्ट. प्रत्येक पोरगं आपल्याच नंदीच्या गाडग्यात दाणा टाकणार ना? मग सगळ्यांना एकेकच मत.

खमंग_पाटवडी (मेहकर)
अन् ज्याचे भाऊबंद जास्त त्याचा पहिला नंबर. ग्रामपंचायत झाली की मंग.

संत्राबर्फी (काटोल)
स्वतःच्या नंदीला मत द्यायचं नाही असा नियम करा.

झडीचा_पाऊस (दारव्हा)
@संत्राबर्फी ताई, नियम केला तरी पाळला की नाही हे पाहायला कोणीतरी बघत उभं राहावं लागेल, मग गुप्त मतदान कुठं राहिलं.

माय_मावशी (धारणी)
दोन दाणे द्या. एक तुरीचा, एक हरभऱ्याचा. लेकराला सांगायचं, तूर तुझ्या नंदीची, ती त्याच्या गाडग्यात टाक, हरभरा दुसऱ्या कोणाचा आवडला त्याला. आपल्या नंदीला द्यायला मिळालं की लेकराचा जीव शांत होतो, मग दुसरा दाणा ते मनापासून टाकतं. मोजताना फक्त हरभरा मोजा. अन् काकांच्या प्रश्नाचं पण उत्तर यात आहे, कोणाचंच गाडगं रिकामं राहत नाही, निदान एक तूर आत असतेच.

बुढा_बैल (हिंगणघाट)
बाई, तुम्ही माह्या मनातलं काढून टाकलं. एकही गाडगं रिकामं नाही म्हणजे झालं. माहा विरोध संपला. गाडगी मी देतो, कुंभार आमच्या ओळखीचा आहे.

पुण्यातला_वऱ्हाडी (मूळ अकोट)
आणखी एक, ज्या मुलांकडे नंदीच नाही त्यांना पण मत द्या. कितीतरी मुलं फक्त पाहायला येतात, नंदी घ्यायची ऐपत नसते. आणि मुली? आमच्या लहानपणी मुली बाजूला उभ्या राहून पाहायच्या. मत द्यायला नंदी असण्याची अट अजिबात नको.

धानाची_लोंबी (साकोली)
हे फार महत्त्वाचं. ज्याच्याकडे नंदी नाही त्याचंच मत सगळ्यात खरं, त्याला स्वतःचं काही राखायचं नाही. त्यांना फक्त हरभरा द्या.

खमंग_पाटवडी (मेहकर)
अन् मायबापाईले तोरणापासून लांब उभं करा. नाही तं बाप डोळे वटारून सांगीन कोणत्या गाडग्यात टाकायचं. पाच रुपयाची कुरकुऱ्याची पाकिटं वाटणारे पण असतीन, त्याईच्यावर नजर ठेवा. हे मी हसण्यावारी नाही सांगून राहिलो, आमच्या इथं शाळेच्या मंत्रिमंडळात झालं आहे हे.

झडीचा_पाऊस (दारव्हा)
खरं आहे, आमच्याकडे पण एकदा चॉकलेट वाटली गेली. पण गंमत सांगतो, मुलांनी चॉकलेट खाल्ली आणि मत दुसऱ्यालाच दिलं. पडद्यामागं जायला मिळालं की मूल स्वतःचंच ऐकतं.

खमंग_पाटवडी (मेहकर)
आता पोळा म्हटलं अन् झडती (तोरणाखाली म्हणायचं गाणं) नाही असं कसं चालीन. आताच जुळवली, घ्या:

पाटी रे पाटी, दगडी पाटी
मोठ्याईच्या हाती वशिल्याची काठी
पोट्टे म्हणे हरभरा आमच्या गाठी
नंबर त्याले, ज्यानं खपवली रात
पऱ्हाटीच्या नंदीले बिब्ब्याची जात
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

कोरडवाहू (पुसद)
हर हर महादेव! चौथी ओळ तर खासच.

संत्राबर्फी (काटोल)
वा! ही झडती तोरणाखाली म्हणायलाच पाहिजे.

पांढरं_सोनं (आर्वी)
मंडळी, काल बैठक झाली. हा सगळा धागा मी मोबाइलवर वाचून दाखवला. एक-दोन जण नाराज झाले, एक पंच म्हणाले की मग आम्ही यायचंच कायले. त्यांना म्हटलं तुम्ही या, तोरणाची पूजा तुमच्याच हातून, अन् मोजणीला पण तुम्हीच बसा, पण गाडगी पालथी करायची ती सगळ्या पोरांसमोर. ते तयार झाले.

मग धानाची लोंबी ताईंच्या यादीच्या मुद्द्यावरून मला वाटलं, बक्षिसं कशाकशाला द्यायची हे तरी आपण का ठरवायचं. आज दुपारी शाळा सुटल्यावर पोरांना देवळाच्या पारावर बसवलं अन् विचारलं. आमची यादी होती सजावट, उंची, वेशभूषा. पोरांची यादी ऐका. सगळ्यात जास्त दूर न पडता चालणारा नंदी. सगळ्यात खऱ्या बैलासारखा दिसणारा. स्वतः बनवलेला, बाबानं किंवा सुताराकाकानं मदत न केलेला. आणि एका दुसरीतल्या पोरीनं सांगितलं, ज्यानं आपला नंदी दुसऱ्याला ओढायला दिला त्याला पण बक्षीस. यावर सगळी पोरं ओरडली, पाहिजेच म्हणून, अन् लगेच कोण देतो अन् कोण देत नाही याची नावं पण घ्यायला लागली. उंची कोणीच म्हटलं नाही.

धानाची_लोंबी (साकोली)
दुसरीतल्या पोरीला माझा आशीर्वाद सांगा. असं बक्षीस कोणत्या टीव्हीवर नाही.

बुढा_बैल (हिंगणघाट)
दुसऱ्याले ओढाले दिला त्याचं बक्षीस सगळ्यात मोठं ठेवा. बक्षिसात सायकल असन तं ती त्याले द्या.

पांढरं_सोनं (आर्वी)
काका, सायकल कोणाला हे पण पोरांनाच विचारतो. आता दोन शंका राहिल्या. बक्षिसं चार झाली तर दाणे कसे द्यायचे? अन् तो पऱ्हाटीवाला पोरगा यंदा नंदी करायचा नाही म्हणून बसला आहे, त्याला काय सांगू?

माय_मावशी (धारणी)
चार फेऱ्या करू नका, लेकरं कंटाळतील अन् उन्हं पण असतात. चालण्याची शर्यत लावा, तिथं मताची गरजच नाही, जो दूर गेला तो गेला. खऱ्या बैलासारखा अन् स्वतः बनवलेला या दोघांसाठी दाणे, एकाला हरभरा अन् एकाला वाटाणा. ओढायला दिलं त्याचं नाव लेकरं तोंडानंच सांगतील, आतापासूनच सांगून राहिली आहेत ना.

झडीचा_पाऊस (दारव्हा)
आणि त्या मुलाला तुम्ही सांगू नका. बाकीच्या मुलांना त्याच्या घरी पाठवा, बक्षिसांची नवी यादी घेऊन.

कोरडवाहू (पुसद)
अन् सोबत थोडे बिब्बे पण पाठवा. यंदा फोटो मात्र काढाच.

पांढरं_सोनं (आर्वी)
पोरं आताच गेली त्याच्याकडे. पऱ्हाट्या माझ्या वावरातल्या गंजीतून घे म्हणून निरोप दिला आहे. @बुढा_बैल काका, गाडगी चाळीस लागतील, तोंड अरुंदच पाहिजे. गाडी घेऊन रविवारी येतो हिंगणघाटला.

बुढा_बैल (हिंगणघाट)
या. पन्नास सांगून ठेवतो, येताना रस्त्यात चार-पाच फुटतीलच.